विलंबाची कारणे काय आहेत?

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

स.न.वि.वि.

एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करून टाकतो. ‘हवामान बदल वगैरे सगळं थोतांड आहे’ असे तुमच्यापैकी कोणी सभागृहात म्हणत नाही. अमेरिकेत तसे छातीठोकपणे म्हणणारे नेते निवडून येतात आणि तेलकंपन्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पैसा ओतला आहे. आपल्याकडे एवढा खर्च करायची गरजच पडली नाही. आपण ‘हो हो, हवामान बदलतंयच’ म्हणतो आणि कामकाजपत्रिकेवरचा पुढचा विषय घेतो. नाकारण्याची ही रीत जास्त सोयीची आहे. जो ‘नाही’ म्हणतो त्याच्याशी भांडता तरी येते. मान डोलावणाऱ्याशी काय भांडणार?

निवृत्तीनंतर वेळ हाताशी असतो, त्यामुळे अधिवेशनाचे थेट प्रक्षेपण मी बऱ्यापैकी नेमाने पाहतो. आपत्तीनंतरच्या चर्चेचा क्रम आता पाठ झाला आहे. पहिल्या दिवशी विरोधी पक्ष पायऱ्यांवर, कोणाच्या गळ्यात काळ्या पडलेल्या कापसाची माळ, कोणाच्या हातात कुजलेला कांदा. मग स्थगन प्रस्ताव, तो नाकारला की घोषणा, घोषणांनंतर सभात्याग. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नियम २९३ खाली चर्चा. तिच्यात एक बाजू म्हणते ‘अभूतपूर्व’, दुसरी म्हणते ‘न भूतो न भविष्यति’. शेवटी उत्तर येते: पंचनामे युद्धपातळीवर सुरू आहेत, एकही बाधित मदतीपासून वंचित राहणार नाही. पुरवणी मागण्यांत रक्कम दिसते आणि विषय संपतो. पुढचे अधिवेशन भरेपर्यंत आणखी एक अभूतपूर्व घटना घडलेली असते. सत्ता बदलली की भाषणे फक्त बाक बदलतात. २०१९ पासून आपल्या राज्यात जवळजवळ प्रत्येक पक्षाने दोन्ही बाजूंचे बाक पाहिले आहेत, तेव्हा हे पत्र आपल्याला नसून समोरच्यांना आहे असा समज कोणी करून घेऊ नये.

आपल्याकडे संकटाचे दोन प्रकार पूर्वापार मानतात: अस्मानी आणि सुलतानी. अस्मानीला कोणी जबाबदार नसतो, सुलतानीला असतो. हवामान बदलाचे शास्त्र सांगते की ही सीमारेषा आता पुसली गेली आहे. आभाळातून जे कोसळते त्यातही माणसाचा हात आहे, आणि ते कोसळल्यावर कोण मरतो, हे तर पूर्णपणे माणसाने आखलेल्या रस्त्यांवर, भरावांवर आणि परवान्यांवर ठरते. सभागृहात मात्र नेमके उलटे झाले. ‘हवामान बदल’ हे अस्मानीचेच नवे नाव होऊन बसले. नाला बुजवून इमारत उभी राहिली, तिच्या तळमजल्यात पाणी शिरले, की मंत्री ‘जागतिक हवामान बदलामुळे’ म्हणून मोकळे होतात. हे वाक्य ऐकताना मला वाटते, यापेक्षा सरळ नकार दिलेला परवडला असता.

तारांकित प्रश्नांचा नमुना तुम्हाला मी सांगायला नको. ‘अमुक ठिकाणी अमुक झाले, हे खरे आहे काय?’ उत्तर: ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?’ उत्तर: ‘कार्यवाही सुरू आहे.’ आणि सर्वांत शेवटी तो ठरलेला प्रश्न: ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ त्याला बहुतेक वेळा उत्तर असते: ‘प्रश्न उद्भवत नाही.’ या शेवटच्या प्रश्नासाठीच मी लिहायला बसलो आहे. पुरावे कमी आहेत म्हणून थांबलो आहोत, असे आता म्हणता येत नाही. अहवाल भरपूर आहेत. राज्याचा हवामान बदल कृती आराखडा २०१४ साली झाला. २०२० मध्ये पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ जोडले गेले. मुंबईचा स्वतंत्र आराखडा मार्च २०२२ मध्ये आला. मग अडले कुठे?

‘हे तर पूर्वीही व्हायचं’ हा युक्तिवाद सभागृहात कमी आणि पारावर जास्त ऐकू येतो. पण तुम्ही पारावरूनच निवडून जाता, म्हणून त्याची दखल घेतो. बहात्तरचा दुष्काळ काय कमी होता, दुर्गादेवीचा दुष्काळ तर म्हणे बारा वर्षे चालला, आमच्या लहानपणी आठ-आठ दिवस झड लागायची, असे सांगणारे आमच्या गल्लीतही आहेत. २०१४ च्या शिक्षक दिनी पंतप्रधानांनीही विद्यार्थ्यांशी बोलताना काहीसे असेच उदाहरण दिले होते: घरातले वडीलधारे म्हणतात यंदा थंडी फार आहे, पण थंडी वाढलेली नसते, वयामुळे ती सोसण्याची ताकद कमी झालेली असते. पुढच्याच वर्षी त्यांच्याच सरकारने पॅरिसचा करार मान्य केला, तेव्हा ते उदाहरण दिल्लीत मागे पडले असे धरायला हरकत नाही. गावोगावी ते अजून जोरात चालते.

पूर आणि दुष्काळ पूर्वीही येत होते, यात वाद नाहीच. बदलले आहे ते त्यांचे अंतर आणि पावसाची तऱ्हा. झड आठ दिवस लागायची, तेव्हा तेच पाणी आठ दिवसांत पडायचे आणि जमिनीत मुरायला त्याला सवड मिळायची. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिपटीने वाढल्या, आणि तेवढ्याच काळात एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही, हे २०१७ साली हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. म्हणजे कोरडे दिवस लांबले आणि ओले दिवस अंगावर येऊ लागले. कारणही गूढ नाही. उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर १९५१ ते २०१५ दरम्यान सरासरी सुमारे एक अंशाने तापला, जगातल्या समुद्रांच्या सरासरीपेक्षा जास्त. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. ते बाष्प घेऊन ढग सह्याद्रीवर आदळले की काय होते, ते २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरने पाहिले: चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर. मराठवाड्यातल्या कित्येक तालुक्यांत सबंध वर्षात यापेक्षा फार जास्त पडत नाही.

हे संशोधन कुठल्या परक्या विद्यापीठातून आलेले नाही. कोल ज्या संस्थेत काम करतात ती भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था पुण्यात पाषाणला आहे. शिवाजीनगरच्या वेधशाळेला जुने पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात, कारण १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून तिथे आले होते. देशाच्या पावसाचा सगळा हिशेब ज्या शहरात मांडला जातो ते तुमच्याच राज्यात आहे, विधान भवनापासून तीन-चार तासांच्या वाटेवर. द्राक्षांच्या बेदाण्यापासून मराठी चित्रपटांच्या अनुदानापर्यंत सगळ्या विषयांचे जाणकार तुमच्या समित्यांपुढे येऊन बोलतात. पाषाणच्या माणसांना बोलावून सलग दोन दिवस प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

आता माझ्या विषयाकडे येतो. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, तीही बहुतेक कृष्णेच्या खोऱ्यात, आणि राहतोही सांगलीत. आमच्या आयर्विन पुलापाशी नदीची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. त्या पुरात ब्रह्मनाळची बोट उलटली, ती बातमी तुम्ही विसरला नसाल. दोनच वर्षांनी पाणी पुन्हा ५४ फुटांवर चढले. तिकडे कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. तिने या दोन्ही वर्षी ५५ फूट ओलांडले. त्याआधीचा महापूर २००५ चा. सोळा वर्षांत तीन.

या तीन महापुरांशेजारी पूररेषांचा नियम ठेवून पाहा. नदीकाठी दोन रेषा आखतात. निळी रेषा म्हणजे ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोचेल ती, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेमधला नियंत्रित. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा पूर येऊन गेला की पुढची नव्याण्णव वर्षे निश्चिंत, असा लोक घेतात आणि बांधकाम व्यावसायिक तो त्यांना घेऊ देतात. खरा अर्थ असा की दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता एक टक्का. आणि हा एक टक्का काढतात तो मागच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून, म्हणजे पुढचा पाऊस मागच्यासारखाच असेल हे गृहीत धरून. हे गृहीतकच आता उरलेले नाही. पाचवीतल्या मापाचा सदरा दहावीतल्या पोराला घालण्यासारखा हा प्रकार आहे. फरक इतकाच की सदरा उसवतो तेव्हा कोणी बुडत नाही.

बरे, ही जुन्या मापाची रेषासुद्धा आपण पाळतो का? नकाशावर ती आखली की ती सरकवण्यासाठी कोण कोणाला फोन करते, हे खात्यात काम केलेल्या माणसाला विचारू नका. एक वाक्य पुरेसे आहे: पूररेषा वर सरकवा असे सांगणारा फोन मी माझ्या नोकरीत कधी ऐकला नाही. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते पाण्यात. त्यानंतर रेषा नव्याने तपासा, अशी मागणी काही दिवस जोरात झाली. मग निवडणूक आली.

धरणांचेही तसेच. पावसाळ्यात कोणत्या तारखेला किती पाणी साठवायचे याचे वेळापत्रक असते आणि तेही जुन्या पावसावर बेतलेले आहे. कोयना १०५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची). ऑगस्टच्या सुरुवातीला तिच्यात जागा मोकळी ठेवावी, तर नंतर पाऊस दडी मारील आणि धरण भरणार नाही ही भीती. भरून घ्यावे, तर चार दिवसांत ढग फुटल्यासारखा पाऊस पडेल आणि दरवाजे उघडावे लागतील ही भीती. धरण भरले नाही तर तुम्हीच लक्षवेधी लावता, विसर्ग वाढवला तरी तुम्हीच. शाखा अभियंता रात्री दोन वाजता जो निर्णय घेतो त्याच्यामागे कोणते अद्ययावत पूर्वानुमान उभे आहे, असे मात्र कोणी विचारत नाही. त्याऐवजी आमच्या भागात एक हमखास नाव घेतात: अलमट्टी, कृष्णेवरचे कर्नाटकातले धरण. कर्नाटकाने पाणी अडवले म्हणून आम्ही बुडालो. अलमट्टीची उंची वाढवण्याला विरोध करण्याची आपली कारणे असू शकतात आणि त्यावर जरूर लढावे. पण २०१९ च्या पुरानंतर शासनानेच नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने त्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. तिने पूरपट्ट्यातल्या अतिक्रमणांकडे आणि पूर्वानुमानाच्या तोकड्या व्यवस्थेकडे बोट दाखवले. अहवाल २०२० मध्ये आला. आता जागतिक बँकेच्या साहाय्याने कृष्णा खोऱ्यात पूरव्यवस्थापनाचा प्रकल्प हाती घेतला आहे, ते चांगलेच आहे. तरी आमच्या प्रचारसभांत आजही टाळ्या अलमट्टीलाच पडतात, अतिक्रमणाला नाही. अतिक्रमण करणाऱ्यांना मत असते, हे त्याचे साधे उत्तर.

डोंगरांचे उदाहरण याहून कठोर आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा तुमचे पावसाळी अधिवेशन चालू होते. दुसऱ्या दिवशी सभागृहाला सांगण्यात आले की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. हे निवेदन सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले, याचे मला आजही नवल वाटते. २०१४ मध्ये माळीण गेले, दीडशेच्या वर माणसे. २०२१ मध्ये महाडजवळ तळिये गेले, ऐंशीच्या वर. त्यानंतरही जी यादी इर्शाळगडाच्या कुशीतल्या ठाकरवाडीपर्यंत पोचली नाही, ती कोणी केली, कोणत्या पावसावर केली, किती वर्षांनी तपासली? शोध थांबवला तेव्हा सापडलेल्या मृतदेहांपेक्षा न सापडलेली माणसे जास्त होती. पश्चिम घाटाचे संवेदनशील क्षेत्र कोणते, यावर माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ मध्ये. केंद्राने त्यावर मसुद्यामागून मसुदा काढला; सहावा ३१ जुलै २०२४ ला निघाला. दर वेळी काही गावे वगळण्याची मागणी करणाऱ्यांत आपले राज्यही आघाडीवर होते.

उन्हाबद्दल थोडक्यात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात ‘महाराष्ट्र भूषण’ प्रदान सोहळ्यात भर दुपारी बसलेल्या लोकांपैकी चौदा जण उष्माघाताने गेले. त्या दिवशी पारा ३८ च्या आसपास होता. नागपूर-चंद्रपूरचे लोक म्हणतील, एवढ्यात काय? पण किनाऱ्यावर हवेत दमटपणा असतो, घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की शरीर आतून तापत जाते. म्हणूनच हवामान खात्याने किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा निकष ३७ अंशांचा ठेवला आहे, मैदानी भागाला ४० चा. ज्यांनी तो सोहळा दुपारी ठेवला त्यांना हे कोणी सांगितले नसेल, किंवा सांगूनही फरक पडला नसेल. पुढच्याच वर्षी लोकसभेच्या सभा त्याच उन्हात झाल्या. पुसदच्या सभेत केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना भोवळ आली आणि सुदैवाने ते लगेच सावरले. व्यासपीठावर निदान छप्पर असते, पाणी असते, डॉक्टर धावत येतो. डांबर टाकणाऱ्या, वीट भाजणाऱ्या, भर दुपारी पार्सल पोचवणाऱ्या माणसाच्या मृत्यूच्या कागदावर बहुधा ‘हृदयविकार’ लिहिले जाते. राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत थंडीची लाट आहे. उष्णतेची लाट वर्षानुवर्षे त्या यादीबाहेर राहिली. नागपूरने २०१६ पासून उष्णता कृती आराखडा राबवला, इतर शहरांनीही केले, पण त्या आराखड्यांमागे ना कायदा आहे ना स्वतःचा निधी. मे महिन्यात पाणपोई आणि ताकवाटपाचे फोटो निघतात.

आणि २०२५ हे वर्ष तर सगळ्यांचा कळस होते. मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत आला, नोंदी सुरू झाल्यापासून सर्वांत लवकर, आणि नव्याकोऱ्या भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले. त्याच खरिपापासून राज्याने पीकविमा योजनेत बदल केला होता. एक रुपयाचा विमा गेला, ते एक वेळ समजू शकतो, त्यात गैरप्रकार झाले होते. पण स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान यांची भरपाई देणारे निकषही काढून टाकले आणि सगळी मदार पीककापणी प्रयोगावर ठेवली. पावसाचा लहरीपणा वाढतो आहे हे शासनाचेच अहवाल सांगत असताना लहरी पावसापासूनचे संरक्षण आपण काढून घेतले. सप्टेंबरमध्ये सीना आणि इतर नद्यांनी सोलापूर, धाराशिव, बीडच्या शिवारांत माती शिल्लक ठेवली नाही. मग ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज आले. खरवडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाख मनरेगातून, असे जाहीर झाले.

मनरेगातून, हे वाचले आणि मला तुमच्याच सभागृहाचा इतिहास आठवला.

बहात्तरच्या दुष्काळाचा दाखला देणारे एक गोष्ट सोडून देतात: त्या दुष्काळाला या विधिमंडळाने काय उत्तर दिले. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडत होती. त्या वेळी विधान परिषदेचे सभापती होते वि. स. पागे. आमच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. मागणाऱ्याला काम देता येते का, याचा छोटा प्रयोग त्यांनी १९६५ च्या सुमारास त्याच भागात करून पाहिला होता. दुष्काळात त्या प्रयोगाची राज्यव्यापी योजना झाली आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते मिळालेच पाहिजे, नाही तर बेकारी भत्ता. पैसा कुठून आणायचा हेही त्या पिढीने टाळले नाही. १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. आजही पगारदार माणसाच्या पावतीत दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते या करापायी. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराची हमी घ्यायची, हे उघड सांगून लावलेला कर होता तो, आणि तो लावणारे लोक तरीही पुन्हा निवडून आले. देशाने असा कायदा करायला २००५ उजाडले.

त्या पिढीला शास्त्र आपल्याइतके ठाऊक नव्हते. पाऊस का पडला नाही, यावर त्यांनी वेळ घालवला नाही. दुष्काळ पुन्हा येणार, हे त्यांनी गृहीत धरले, आणि तो यायच्या आधीच माणसाच्या हातात हक्क दिला. मदत सरकारची मर्जी राहिली नाही. हवामान बदलाच्या बाबतीत तुम्ही आजवर योजना दिल्या, अभियाने दिली, पुरस्कार दिले, कृती कक्ष स्थापन केला. हक्क एकही दिला नाही.

मला तीन सुचतात. तुम्हाला याहून चांगले सुचले तर उत्तमच. डोंगराच्या पायथ्याच्या किंवा नदीकाठच्या कोणत्याही ग्रामसभेने ठराव केला की साठ दिवसांत भूवैज्ञानिक आणि अभियंता येऊन जागा पाहतील आणि राहावे की हलावे याचे लेखी उत्तर देतील, अशी हमी हवी. मागेल त्याला शेततळे देता, तशी मागेल त्या वाडीला तपासणी. ‘यादीत नव्हती’ हे वाक्य सभागृहात पुन्हा उच्चारायची वेळ येऊ नये. दुसरे, पूररेषा दर दहा वर्षांनी नव्या नोंदी आणि पुढच्या पावसाचे अंदाज धरून आखणे कायद्याने बंधनकारक करा, आणि मुदत टळली तर त्या पट्ट्यात नवी परवानगी आपोआप थांबेल असे कलम घाला. बांधकाम क्षेत्र ओरडेल. ओरडू द्या, मुदत पाळण्यासाठी तेच मग तुमच्या मागे लागतील. तिसरे, हवामान खात्याने उष्णतेचा ऑरेंज अलर्ट दिला की दुपारी बारा ते चार उघड्यावरचे काम बंद आणि त्या तासांची मजुरी बुडणार नाही. मजुरी बुडणार असेल तर मजूर सावलीत बसत नाही, त्याला कितीही पत्रके वाटा. याला निधी लागेल. तो उभा करायचा मार्ग विधिमंडळाला १९७५ पासून माहीत आहे.

एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही: भारतातल्या माणसामागचे उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, पाप अमेरिका-युरोपचे, प्रायश्चित्त आम्ही का घ्यावे? आंतरराष्ट्रीय परिषदांत हे ठासून सांगितलेच पाहिजे. पण वर मागितलेल्या तिन्ही गोष्टींचा उत्सर्जनाशी संबंध नाही. दरड कोसळते तेव्हा ती कोणाचा हिशेब तपासत नाही. आणि उत्सर्जनाचेच म्हणाल, तर शेतीला दिवसा सौर वीज देण्याची योजना हे राज्याचे खरोखर मोठे काम आहे. रात्री पिकाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी त्याबद्दल तुम्हाला दुवा देईल. मात्र त्याच वेळी चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या राखेखाली आणि कोराडीच्या नव्या संचांच्या प्रस्तावाखाली जगणाऱ्या विदर्भालाही काही उत्तर द्यावे लागेल. कोराडीची जनसुनावणी मे २०२३ मध्ये ठेवली होती. नागपूरला, मे महिन्यात. वेळ कोणी निवडली असेल, त्याच्या विनोदबुद्धीला नमस्कार.

सरकारने विधेयक आणावे म्हणून थांबायची गरज नाही. अशासकीय विधेयक मांडण्याचा अधिकार मंत्री नसलेल्या तुमच्यातल्या प्रत्येकाला आहे. विधानसभेत २८८ आणि परिषदेत ७८ जागा आहेत. मांडायला एक सदस्य पुरतो. ते मंजूर होणार नाही, हे मला कळते. पण एकदा मसुदा सभागृहाच्या पटलावर आला की सरकारला त्याला विरोध करावा लागेल, विरोधाची कारणे द्यावी लागतील आणि ती कार्यवाहीत छापली जातील. नुसती मान डोलावून चालणार नाही.

या पत्राची छापील प्रत सांगली जिल्ह्यातल्या सर्व आमदारांना मी वेगळी पाठवतो आहे. पूररेषेच्या कलमांत तांत्रिक मदत लागली तर माझ्यासारखे निवृत्त अभियंते प्रत्येक जिल्ह्यात आहेत. मानधनाची अपेक्षा नाही, चहा पुरे. फक्त बैठक मे महिन्याच्या आत ठेवा. जूनपासून आम्ही सामान माळ्यावर चढवण्याच्या गडबडीत असतो.

आपला,
कृष्णाकाठचा एक निवृत्त शाखा अभियंता
सांगली